तीन आण्यांत सत्तावन्न हजार फोटो

श्रोतेहो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या महाविद्यालयातून शिकून गेलेली एक विद्यार्थिनी मला गिरगावात भेटली. ती एका चाळीतल्या दोन खोल्यांत थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि कुळथाचे पीठ तयार करून विकते. माल चोख. हातात दोन जड पिशव्या होत्या, चेहरा दमलेला होता. मी विचारले, "कसं काय चाललंय?" ती म्हणाली, "सर, पहाटे उठून भाजायचं, मग गिरणीत जायचं, पुड्या भरायच्या, हिशेब लिहायचा, माल पोचवायचा. रात्री दहाला अंग टाकावं म्हटलं तर लोक सांगतात, जाहिरात कर, मोबाईलवर रोज फोटो टाक. आता तुम्हीच सांगा, मी भाजणी भाजू की जाहिरात करू?"

प्रश्न मोठा मार्मिक होता, आणि तो एकट्या तिचा नाही. गावात गुळाचे गुऱ्हाळ चालवणारा, रसवंती घालणारा, मूर्ती घडवणारा, पापड लाटणारी बचत गटातली बाई, ही सगळी माणसे याच पेचात असतात. करणारे हात दोन, आणि त्याच हातांनी विकायचेही असते. मोठ्या कारखान्याला विक्रीसाठी निराळे खाते असते. लहान धंदेवाईकाचे खाते म्हणजे तो स्वतः, फार तर त्याच्या घरातली माणसे.

आता इतिहासाच्या मास्तराला उत्तर सुचायचे ते मागच्या काळातलेच. आम्ही उभे होतो तो रस्ता पूर्वी सँडहर्स्ट रोड म्हणून ओळखला जाई. आज तो सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आहे. याच रस्त्यावर कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ नावाचे चित्रपटगृह होते. तिथे 3 मे 1913 रोजी एका मराठी माणसाने आपला माल पहिल्यांदा लोकांपुढे मांडला. त्या मालाचे नाव 'राजा हरिश्चंद्र' आणि माणसाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब फाळके हे भारतीय चित्रपटाचे जनक, असे आपण शाळेत शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण आज मी त्यांच्याकडे कलावंत म्हणून पाहणार नाही. भांडवल तुटपुंजे, काम डोंगराएवढे आणि माल असा की तो काय आहे हेच गिऱ्हाइकाला ठाऊक नाही, अशा एका लहान धंदेवाईकाने आपली विक्री कशी सांभाळली, तेवढेच पाहणार आहे.

फाळके यांचा जन्म 1870 साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. पुढे त्यांनी फोटोग्राफीचा धंदा केला, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, मग छापखाना काढला, आणि भागीदारांशी न पटल्याने तोही सोडला. म्हणजे चाळिशी गाठलेला, घरसंसार असलेला आणि हातचा धंदा गेलेला हा गृहस्थ. 1910-11 च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया नावाच्या चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. ख्रिस्त पडद्यावर येतो, मग आपले राम-कृष्ण का येऊ नयेत, हा विचार त्यांच्या मनात तिथे घर करून बसला. मुंबईत हलती चित्रे 1896 च्या जुलैमध्ये आली होती. परंतु पडद्यावर दिसे ते बहुतेक परक्या देशांतले. 1912 च्या मे महिन्यात याच कॉरोनेशनमध्ये तोरणे यांचा 'पुंडलिक' लागला होता, पण ते रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होते. आपल्या लोकांनी आपली कथा खास पडद्यासाठी रचून दाखवावी, हे काम अजून व्हायचे होते.

पहिली अडचण पैशाची. विमा पॉलिसीवर कर्ज काढून फाळके 1912 च्या आरंभी लंडनला गेले, तिथे हे तंत्र पाहिले, कॅमेरा आणि इतर सामान खरेदी करून परतले. आता चित्र काढायला आणखी भांडवल हवे होते. पण हिंदुस्थानात चित्रपट तयार होतो, यावर पैसेवाल्याने विश्वास तरी कसा ठेवावा? फाळके यांनी लांबलचक भाषणे केली नाहीत. एका कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा मांडला आणि दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण करीत गेले. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटा-दोन मिनिटांत दिसू लागली. बी फुटते, कोंब वर येतो, वेल चढतो, सारे डोळ्यांदेखत! 'अंकुराची वाढ' असे या चित्राला म्हणतात. ते पाहून फोटोच्या सामानाचे व्यापारी नाडकर्णी यांच्यासारखी माणसे कर्ज द्यायला तयार झाली. घरातून सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी आले.

शिक्षक बंधुभगिनींनो, या वाटाण्याकडे जरा नीट पाहा. ही जाहिरात होती, पण ती करण्यासाठी फाळके यांनी आपला उद्योग बाजूला ठेवला नाही. कॅमेऱ्याचा हात बसवायचा होताच. तो सराव आणि गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना, दोन्ही एकाच कुंडीत उगवले. कामात गुंतलेल्या माणसाला विक्रीसाठी वेगळा वेळ मिळत नाही. म्हणून त्याने कामातूनच नमुना काढावा. गूळ उकळत असताना रस्त्याने जाणाऱ्याच्या हातावर काकवी ठेवणारा गुऱ्हाळवाला हेच करीत असतो.

नंतर पात्रांची गरज पडली. फाळके यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिला उत्तर देत जी माणसे आली त्यांना पाहून त्यांची निराशा झाली, आणि 'वाईट चेहऱ्याच्या लोकांनी तसदी घेऊ नये' अशा आशयाची पुस्ती जोडावी लागली, असे सांगतात. ऐकायला हसू येते, पण आपल्याला कोण हवे हे जाहिरातीत उघड लिहिले नाही, तर नको त्यांच्याशी बोलण्यातच दिवस जातो, हे लहान धंद्याला महागात पडणारे सत्य त्यात आहे. स्त्रीपात्रासाठी तर कोणतीच बाई पुढे येईना. शेवटी ग्रँट रोडकडच्या एका हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले. सिनेमात काम करणे म्हणजे बदनामी, अशी लोकांची समजूत होती. म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत, कोणी विचारले तर म्हणा, आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. याच शब्दांवरून 2009 साली 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा मराठी चित्रपट निघाला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल.

फॅक्टरी होती दादरला, ज्या रस्त्याला आज दादासाहेब फाळके मार्ग म्हणतात त्या रस्त्यावर. तिथे कथा लिहिणारे फाळके, पडदे रंगवून घेणारे फाळके, नटांना शिकवणारे फाळके आणि फिल्म जोडणारेही फाळकेच. कॅमेरा चालवायला त्र्यंबक तेलंग होते. आणि पाठीशी सरस्वतीबाई. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. रात्री अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मच्या कडेला भोके पाडायचे आणि रसायनांत फिल्म धुवायचे कामही त्या शिकल्या. आपण फाळके यांचे नाव घेतो तेव्हा या माउलीचे नाव मागे राहते. पण हिशेबाने पाहिले, तर पुरुषाला बाहेर जाऊन चार माणसांना भेटायला जो वेळ मिळाला, तो या बाईंनी आपल्या झोपेतून काढून दिला होता. लहान धंद्यातली जाहिरात फुकट होते असे आपण म्हणतो, तेव्हा तिची किंमत घरातले कोण भरते, हेही पाहावे.

चित्र तयार झाले, लांबी 3,700 फूट. आता ते विकायचे कसे? फाळके यांनी चित्र एकदम बाजारात आणले नाही. 21 एप्रिल 1913 रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी एक खेळ केला. बोलावणी कोणाला होती? डॉक्टर, विद्वान, न्यायाधीश आणि वृत्तपत्रांचे संपादक यांना. ज्यांच्या शब्दाला चार माणसे मान देतात, अशांनी आधी माल पाहावा ही त्यामागची योजना. नंतर बारा दिवसांनी कॉरोनेशनचे दार सर्वांना उघडले.

तिथेही त्यांचे धोरण पाहण्यासारखे आहे. त्या काळच्या प्रेक्षकाला एका बैठकीत पाच-सहा प्रकार पाहायची सवय होती. म्हणून 'हरिश्चंद्रा'च्या जोडीला नाच, विनोदी प्रवेश, पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचा खेळ असे प्रकार ठेवून वृत्तपत्रात जाहिरात केली. म्हणजे सवयीच्या ताटात नवा पदार्थ वाढला. कथा तर अशी निवडली होती की ती कोणाला समजावून सांगावी लागू नये. हरिश्चंद्र-तारामती आपल्याकडे कीर्तनातून, नाटकातून, आजीच्या तोंडून घरोघर पोचलेली. चित्र मुके, पण मधल्या पाट्या इंग्रजीबरोबर हिंदीतही. बायकामुलांना निम्म्या दराची सवलतही देण्यात आली. चार दिवसांत खेळ बदलण्याच्या त्या जमान्यात हा चित्रपट तीन आठवडे टिकला, असे नोंदलेले आहे.

मुंबईत जमले. मुंबईबाहेर काय झाले, तो या कथेतला खरा धडा आहे.

चित्र सुरतेला लागले. पहिल्या दिवसाचे उत्पन्न किती? तीन रुपये! रुपयाचे सोळा आणे हे आजच्या मुलांना सांगावे लागते. सगळी तिकिटे तीन-तीन आण्यांची धरली, तर अख्ख्या थिएटरात सोळा माणसे. कारण विचारता कळले ते असे. तिथल्या लोकांना दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहायची सवय. तासा-दीड तासात संपणाऱ्या खेळाला तीन आणे कोण देणार? खेळ लांबवा नाहीतर दर उतरवा, असा थिएटरवाल्याचा आग्रह झाला.

फाळके यांनी दोन्हीही केले नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे केवळ तीन आण्यांत! अशा आशयाची ती जाहिरात होती. लोक लोटले, आणि उत्पन्न लवकरच तीनशे रुपयांपर्यंत गेले, असे सांगतात. तीनचे तीनशे. चित्र तेच, दर तोच, थिएटर तेच.

काय घडले? गिऱ्हाईक माल मोजत होते तासांच्या मापाने. त्या मापाने फाळके हरणारच होते. त्यांनी मापच बदलले आणि त्याच्या हातात दुसरे दिले. फोटो काढून घेणे ही तेव्हा साध्या माणसाला चैनीची गोष्ट होती. असे हजारो फोटो तीन आण्यांत, म्हटल्यावर तोच सौदा स्वस्त वाटू लागला. आपला माल दुसऱ्याच्या काट्यावर हलका पडत असेल, तर त्याचे खरे वजन ज्या काट्यावर दिसेल तो काटा गिऱ्हाइकापुढे ठेवावा. विक्रीकला म्हणतात ती मुख्यतः एवढीच.

पण श्रोतेहो, आपण इतिहास पाहतो आहोत, तेव्हा ही जाहिरात जरा गणिताला लावू. वर्गात मुलांकडूनही करून घ्यावी अशी ही बेरीज-गुणाकाराची गंमत आहे. सिनेमाच्या रुंद फिल्मवर एका फुटात सोळा चित्रे मावतात. 3,700 गुणिले 16 म्हणजे 59,200. तेव्हा सत्तावन्न हजार फोटो ही थाप नव्हती, उलट आकडा थोडा कमीच सांगितला होता. आता दुसरा आकडा घ्या. एका मैलाचे फूट 5,280, दोन मैलांचे 10,560. चित्र होते 3,700 फूट. म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही. सोबतच्या इतर फिती धरल्या असतील तर गोष्ट वेगळी, पण एकट्या 'हरिश्चंद्रा'पुरते बोलायचे तर दोन मैल ही सरळसरळ फुगवलेली बाब. आणि विषय कोणता? स्वप्नात दिलेला शब्द पाळण्यासाठी राज्य सोडणाऱ्या सत्यवचनी राजाचा!

मी हे फाळके यांना खाली ओढण्यासाठी सांगत नाही. त्यांच्या कष्टांपुढे आपण सर्वांनी हात जोडावेत. पण एकाच जाहिरातीत एक खरा आकडा आणि एक फुगवलेला आकडा शेजारी शेजारी उभे आहेत, हे पाहून मनाशी एक प्रश्न यावा. गिऱ्हाईक खेचायचे काम त्यांपैकी कोणत्या आकड्याने केले? मला वाटते, पहिल्याने. मैल कोणी पडद्यावर मोजत नाही. चित्रे मात्र डोळ्यांपुढून धावताना दिसतात. खरा आकडाच एवढा नवलाचा होता की खोट्याची गरजच नव्हती. लहान धंद्यात तर खोटा आकडा फार धोक्याचा. शहरातला मोठा व्यापारी एका गिऱ्हाइकाला फसवून दुसऱ्याकडे जाईल. गावातल्या दुकानदाराला तेच गिऱ्हाईक उद्या पाराशी भेटायचे असते.

पुढे 1913 च्या अखेरीस फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला नेला. त्यांची चित्रे गावोगाव गेली. बैलगाडीत यंत्र आणि पडदा घालून ते स्वतः खेळ दाखवत हिंडले. जिथे थिएटर नाही तिथे तंबू. गिऱ्हाईक आपल्यापर्यंत येत नसेल, तर आपण त्याच्या जत्रेला जावे, ही रीत आपल्या तमाशाच्या फडांना आणि भांड्यांच्या व्यापाऱ्यांना जुनीच ठाऊक आहे. आणि या फिरण्यात एक आणखी लाभ असतो. कुठे लोक हसले, कुठे हात जोडले, कुठे उठून गेले, हे विकणाऱ्याने स्वतः पाहिलेले असते. 1917 साली 'लंकादहन' आले. मारुतीचे उड्डाण पाहायला गिरगावात इतकी गर्दी लोटली की काय सांगावे. मद्रासेत तर गोळा झालेली नाणी पोलीस बंदोबस्तात बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. तीन रुपयांपासून ती गाडीभर नाणी, हा प्रवास अवघ्या चार वर्षांचा.

यश आले आणि काम एकट्याच्या आटोक्याबाहेर गेले. 1918 च्या आरंभी पाच भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. भांडवलाची चिंता मिटली, पण खर्च किती करावा, चित्राला वेळ किती घ्यावा, यावर फाळके आणि भागीदार यांचे जमेना. फाळके कंपनी सोडून काशीला जाऊन राहिले. काही वर्षांनी परतले. पण पहिली घडी पुन्हा बसली नाही. 1937 साली 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट आला, आणि 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. अखेरचे दिवस काही सुबत्तेचे नव्हते. दोष कोणाचा, हा निवाडा मी करीत नाही. एवढेच म्हणतो की, करणारा आणि विकणारा हे जेव्हा एका देहात राहतात तेव्हा फार दमतात, आणि जेव्हा वेगळे होतात तेव्हा एकमेकांचे ऐकत नाहीत. लहान धंदा मोठा होताना बहुतेक वेळा या उंबऱ्याशीच ठेचकाळतो. म्हणून मदत घ्यावी ती सुखाच्या दिवसांत, थोडी थोडी, आणि कोणी काय ठरवायचे हे आधी स्पष्ट बोलून.

आता माझ्या विद्यार्थिनीकडे येतो. मी तिला ही सारी कथा त्या रस्त्यावरच उभ्या उभ्या सांगितली. कॉरोनेशन आज तिथे नाही, त्याच्या नावाची आठवण तेवढी उरली आहे. ती म्हणाली, "सर, फाळक्यांचं ठीक आहे हो, पण मी काय करू?" मी म्हटले, "तू भाजणी भाजतेस तेव्हा वास कुठवर जातो?" ती हसून म्हणाली, "तिसऱ्या मजल्यापर्यंत." मी म्हटले, "मग तुझा वाटाणा तोच. रोज रात्री दहाला काहीतरी बनवून टाकण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, भाजता भाजताच, तो फोटो काढ. भाजणीत धान्यं किती, भाजायला तास किती, हे खरे आकडे पुडीवर लिही. तुझी पुडी दुकानातल्या पुडीपेक्षा महाग आहे ना? मग किलोच्या भावाने बोलू नकोस, एका पुडीत थालीपिठं किती होतात ते सांग. आणि जो निरोप दहा ठिकाणी द्यायचा, तो आधी तीन चांगल्या सुगरणींना चाखायला दे."

तिने विचारले, "आणि दोन मैल?"

मी म्हटले, "ते सोडून दे. सत्तावन्न हजार पुरेत."

आपल्याकडे म्हण आहे, बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. तिचा पहिला भाग ऐकून पुष्कळजण जाहिरातीला नाके मुरडतात. परंतु म्हणीचा रोख दुसऱ्या भागावर आहे. ज्याच्या घरी खरेच गहू आहेत, त्याने गप्प बसू नये. नाहीतर बाजार मातीवाल्याच्या हाती जातो, आणि त्यात गहू पिकवणाऱ्याचेही नुकसान, खाणाऱ्याचेही. ज्याचा माल चोख आहे त्याने तो लोकांना नीट सांगणे, ही बढाई नाही. ते त्याच्या कामाचे शेवटचे टोक आहे. भाजणी भाजून झाली म्हणजे काम संपत नाही. ती कोणाच्या तरी तव्यावर जाते, तेव्हा संपते.